घरातलं कुणी बाहेर असेल तर

कुइआराना तळं,
२२ सप्टेंबर

जुसिलेनताई,

आईचा आशीर्वाद आधी लिहून टाकते, नाहीतर ती दहा वेळा विचारील. तुमच्या भावाचा निरोप नाही, कारण अदाल्तो पाणी आणायला गेलाय आणि पाणी आता फार लांब गेलंय.

'तुम्ही' लिहितेय म्हणून हसू नका. शाळेत एका बाकावर बसून तुमच्या वेण्या मी ओढल्या हे खरं. पण मनाउसला बसून कॉम्प्युटरला हुकूम सोडणाऱ्या बाईला अरेतुरे कसं करायचं? शिवाय आता तुम्ही माझ्या नणंद. नणंदेला मान दिला की टोमणा मारायला सोपं जातं.

तर टोमणा ऐका. आरोग्यसेवक वल्देमीर मागल्या महिन्यात सांगत आला, की औषधाची बोट कुठल्या घरी थांबायची हे यंदा एक प्रोग्राम ठरवणार आणि तो तुमच्या ऑफिसात बनलाय. आईनं ते सबंध तळ्याला ऐकवलं. मासे नाहीत, कोळसा नाही, पण लेकीचं कौतुक भरपूर. बोट यायच्या दिवशी तिनं धुतलेला झगा घातला आणि दारात बसली. बोट आली. पिन्येइरोंच्या घरी थांबली, त्या पलीकडच्या घरी थांबली, आणि आपल्या दारावरून सरळ पुढं गेली. आम्ही हात केले, अदाल्तो चिखलातून धावला. बोटवाला म्हणाला, तुमचं घर माझ्या यादीत नाही. बेन्विंदामावशीच्या दारावरूनही तशीच गेली.

आई म्हणाली, विसरले असतील, पुढल्या खेपेला थांबतील. पण ताई, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?

घर पार चिखलात बसलंय. एका बाजूला इतकं कललंय की भांडं ठेवलं तर घरंगळतं. एवढी वर्षं तरंगणारं घर जमिनीवर टेकलं की माणसाला झोप लागत नाही. नाल्यात होडीपुरतं पाणी आहे, तेही किती टिकेल सांगता येत नाही. टॉवर बंद असल्यानं फोन नाही, म्हणून हे पत्र मासळीवाल्या तिबुर्सिओकडे देतेय. आईच्या साखरेच्या इंजेक्शनची बाटली अर्ध्यावर आली आहे. ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवली आहे.

बेन्विंदामावशी विचारते, तिचा जिल्दासिओ तुम्हांला भेटतो का, जेवतो का. तिला तो पत्र लिहीत नाही. तिच्या छातीच्या गोळ्याही संपत आल्यात, पण तिला काळजी पोराच्या जेवणाची.

एदनाल्वा


मनाउस,
१ ऑक्टोबर

प्रिय एदना,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. यादी बघून बोट थांबते हे खरं, पण आईचं घर यादीतून गळणं शक्य नाही. तो नियम मी स्वतः लिहिलाय. ऑफिसात मला माणसांची नावं दिसत नाहीत, ती कायद्यानं झाकलेली असतात, नाहीतर आत्ताच शोधून दाखवलं असतं.

मी काय करते ते तुला तुझ्याच भाषेत सांगते. कसाव्याच्या कंदाचं पीठ करायच्या घरात आपण चाळायला बसायचो, आठवतं? एका चाळणीतून खाली पडलेलं हवं असायचं, ते तव्यावर जायचं. दुसऱ्या वेळी वर राहिलेलं हवं असायचं आणि खाली पडेल ते कोंबड्यांना. माझं काम तेवढंच. नदीकाठच्या घरांचा ढीग येतो आणि मी एक अट लिहिते. 'ठेव' म्हटलं की अटीत बसणारं राहतं, 'वगळ' म्हटलं की अटीत बसणारं जातं. कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत हे लिहितो ती आपल्याच देशात जन्मली, म्हणून आम्ही जरा मिरवतोही.

आमच्याकडे एक दंडक आहे, अटीत 'नाही' घालायचं नाही. 'ठेव, जर अमुक नसेल' असं लिहिलं की वाचणारा अडखळतो. त्यापेक्षा 'वगळ, जर अमुक असेल' असं सरळ लिहावं. ऑगस्टमध्ये बसून मी सगळ्या ओळींतले 'नाही' काढून टाकले. आमचे साहेब, सेऊ आन्सेल्मो, एरवी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते म्हणाले, आता ओळी डोळे मिटून वाचाव्यात अशा झाल्या. आणि रिकाम्या घरांपुढं बोटीचं डिझेल जाळायचं नाही हा तर सगळ्या कामाचा मुद्दाच आहे. दुष्काळात कितीतरी तरंगती घरं दोर सोडून मोठ्या नदीवर गेलीत.

तेव्हा चूक यादीत नाही, वल्देमीरच्या टॅबलेटमध्ये असणार. त्याची बोटं केवढी जाड आहेत ते मला ठाऊक आहे. त्याला पुन्हा माहिती भरायला लाव.

तोवर मी इथून इन्शुलिनच्या बाटल्या बर्फात घालून जहाजानं पाठवते आहे. तिबुर्सिओ धक्क्यावरून आणील. आईला दे आणि सांग, लेक विसरलेली नाही.

जिल्दासिओ मोटरसायकलींच्या कारखान्यात आहे. रविवारी बाजारात दिसतो. जेवतो, चांगला पोटभर जेवतो. आईविषयी विचारलं की दुसरीकडे बघतो. हे मात्र तिला सांगू नकोस.

तुझी,
जुसिलेन


कुइआराना तळं,
९ ऑक्टोबर

जुसिलेन,

जहाज वाळूच्या पट्टीवर अडकून पडलं होतं. तुझी पेटी आली तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालेलं होतं आणि इन्शुलिन फाटल्या दुधासारखं दिसत होतं. तरी आई म्हणाली टोच, लेकीनं पाठवलंय. मी टोचलं नाही. तिनं माझ्याशी बोलणं सोडलंय.

जाड बोटं वल्देमीरची आणि शहाणी बोटं तुझी, होय ना? मग ऐक. अदाल्तो चिखल तुडवत विला नोव्हाच्या औषधकेंद्रात गेला होता. पाय सोलून निघाले त्याचे. खिडकीतली बाई म्हणाली, इन्शुलिन आहे, पण यादीतल्या घरांचंच आहे. तिनं आपलं घर शोधून काढलं आणि म्हणाली, हे घर तर रिकामं दाखवतंय. तुझा भाऊ म्हणाला, बाई, रिकाम्या घरातून मी चालत आलो का? ती म्हणाली, मशीन सांगतं ते मी वाचते. रिकामं म्हणे. आई दारात बसलेली, मी चुलीपाशी, पोरं चिखलात, आणि तुमच्या मनाउसला आम्ही रिकामे.

तू म्हणालीस म्हणून वल्देमीरला बोलावून टॅबलेट उघडायला लावला. सगळं बरोबर भरलंय. आईचं नाव, अदाल्तोचं, माझं, पोरांची. एवढंच नव्हे तर तुझंही नाव आहे, पुढं 'बाहेर' अशी खूण. तो बिचारा दर वर्षी आईला सांगतो, जुसिलेन आता इथं राहत नाही, नाव काढू. आणि ती म्हणते, कामाला गेलीय, मेली नाही, तिचा झोपायचा झुला टांगलेला आहे तोवर नाव राहील. तुझ्या झुल्यात कुणाला बसू देत नाही अजून. बेन्विंदामावशीनंही जिल्दासिओचं नाव तसंच ठेवलंय. इथल्या सगळ्याच आया असल्या. वल्देमीर म्हणतो, अर्ध्या तळ्याच्या कार्डांवर अशी भुतं आहेत. म्हणजे त्याची काही चूक नाही. आता सांग कुणाची आहे.

आईला दिसायला कमी झालंय. मला हाक मारताना भिंतीकडे बघते. सारखी तहान तहान करते आणि पाणी तर पुरवून पुरवून प्यायचं. बाटलीत तळाला उरलंय ते मी थेंबाथेंबानं देतेय. वैद्य नाही मी, जुसि. किती द्यायचं ते मला कळत नाही. चुकलं तर माझ्या हातून जाईल आणि अदाल्तो जन्मभर काही बोलणार नाही, नुसता बघेल.

तू काहीतरी कर. तिथं बसून मला चाळण्या शिकवू नकोस.

एदना


मनाउस,
१५ ऑक्टोबर

एदना,

तू मला पुन्हा 'तू' म्हणालीस, शिव्या घालताना का होईना. ते पत्र मी ऑफिसात उभ्यानंच वाचलं. वल्देमीरच्या भुतांपाशी आले आणि खाली बसले.

चूक माझी आहे. जशी झाली तशी सांगते, ऐक.

आधी माझी ओळ अशी होती: ते घर ठेव, ज्यातले सगळेच्या सगळे बाहेर नाहीत. म्हणजे एक जरी जीव आत असला तरी ठेव. अगदी बरोबर होतं. मग ऑगस्टमध्ये तो 'नाही' काढायला मी ओळ उलटी केली आणि लिहिलं: ते घर वगळ, ज्यातलं कुणी बाहेर आहे. लिहायला हवं होतं, ज्यातले सगळे बाहेर आहेत. 'सगळे'च्या जागी 'कुणी' बसलं. ओळ सुबक झाली, आणि ज्या ज्या घरातलं एक माणूस पोटापाण्यासाठी शहरात गेलं ते घर त्या दिवसापासून रिकामं ठरलं.

मला ते खटकलं कसं नाही? कारण मी तळ्यावरची आहे, एदना. तरंगत्या घरात एकटं कुणी जात नाही हे माझ्या डोक्यात पक्कं. दोर सोडला की चूल, कोंबड्या, म्हातारी, कुत्रं, सगळी एकदम जातात. एका माणसापुढं 'बाहेर' दिसलं म्हणजे घरच गेलं, असं मी मनात धरून चालले. तपासायला घेतलेली घरंही दोनच तऱ्हेची होती, भरलेली नाहीतर रिकामी. साओ पावलोसारख्या मोठ्या शहरातल्या पोरीनं लिहिलं असतं तर ती चुकली नसती. आणि मी स्वतः एकटी निघून आलेय, हे त्या वेळी माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

म्हणजे मी गेले म्हणून आईचं घर गळलं. आता ती ओळ वाचली की मला तेवढंच दिसतं.

सेऊ आन्सेल्मोंकडे धावत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, नियमाला आता हात लावायचा नाही. ही खेप संपू दे. घरांचा आकडा वर कळवून झालाय, डिझेल त्या हिशेबानं दिलंय, आता चूक होती म्हटलं तर काम दुसऱ्याच्या हातात जाईल. मी रडले. त्यांनी पाणी दिलं. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे.

पण एक वाट आहे. नियम बदलायला त्यांची सही लागते, माहिती बदलायला लागत नाही. प्रोग्राम रोज नव्यानं चालतो. वल्देमीरनं आईच्या कार्डावरून माझं नाव काढलं, की घरात 'बाहेर' असं कुणी उरत नाही आणि घर यादीत येतं. घरच्या कर्त्याचा अंगठा लागतो, म्हणजे आईचा. आजच कर. माझं नाव काढून टाका. झुला पण काढा हवं तर, जाळा. मावशीलाही जिल्दासिओचं काढायला सांग, आणि तळ्यावर ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना सांग.

मला त्या घरातून काढ, एदना. हात जोडते.

जुसि


कुइआराना तळं,
२१ ऑक्टोबर

जुसि,

नाही म्हणते.

मी समजावलं, अदाल्तो पाया पडला. वल्देमीर टॅबलेट घेऊन एवढ्या उन्हात आला. ती म्हणते, आधी शहरानं माझी लेक नेली, आता नाव पण न्यायला आलात? मी म्हटलं, आई, नुसतं नाव आहे, पाऊस पडला की परत घालू. ती म्हणते, माझी तीन पोरं पाळण्यात गेली, त्यांची नावं मी आपल्या अंगठ्यानं काढलीत. एकाचंही परत आलं नाही. तिचं जिवंतपणी काढायला लावू नका. हे मला ठाऊक नव्हतं, जुसि. एवढी वर्षं तिच्या चुलीवर शिजवतेय आणि मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मग मी निर्लज्ज झाले. दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा वल्देमीरला खूण केली आणि तिचा हात हळूच उचलला. टॅबलेटवर टेकणार तेवढ्यात तिनं मूठ मिटली. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, एदनाल्वा, मला दिसत नाही, पण मी मेलेली नाही. वल्देमीर टोपी घालून निघून गेला. तेव्हापासून ती उजवा हात पोटाखाली घेऊन झोपते.

बेन्विंदामावशीलाही सांगितलं. अंगठा दे मावशी, तुझ्या गोळ्या येतील. ती कितीतरी वेळ हसली, मग खोकला लागला. म्हणाली, पोरगा आहे तो माझा, चाळणीतला कोंडा नाही. आधीच रागावून गेलाय. उद्या परत आला आणि त्याला कळलं की आईनं नाव खोडलं, तर कुठल्या तोंडानं दार उघडू? मग मलाच म्हणाली, तू दमलीस, बस, कॉफी घे. कॉफी नव्हतीच, गरम पाणी होतं, ते आम्ही कॉफी म्हणून प्यालो. पायऱ्या उतरताना तिनं कठडा धरला होता. ओठ निळे दिसत होते. बाकीच्या तळ्याला सांगायची वेळच आली नाही, या दोघींपुढंच मी हरले.

मी तुझ्यावर चिडले होते, आता चिडायचंही त्राण नाही. दोन म्हाताऱ्या हट्टाला पेटल्यात आणि हट्ट असा, की त्यांना दोष देता येत नाही. मी आई असते आणि माझं पोर तिकडे असतं तर मी दिला असता का अंगठा? तुला म्हणून सांगते, नसता दिला.

बाटली संपली. आईचा श्वास गोड वासाचा येतोय, पिकल्या फळासारखा. वल्देमीर म्हणतो, हे चांगलं नाही.

आता इथं कुणी काही बदलणार नाही. बदलायचं ते तुलाच बदलावं लागेल.

एदना


मनाउस,
२७ ऑक्टोबर

एदना,

घाईत लिहितेय, तिबुर्सिओचा भाचा बंदरावर थांबलाय.

बदललं. सही नाही, परवानगी नाही. 'वगळ, ज्यातले सगळे बाहेर आहेत.' एक शब्द बदलला आणि प्रोग्राम चालवला. यादी बघता बघता लांबत गेली. एवढी सगळी घरं, एदना. प्रत्येकात कुणी ना कुणी मनाउसला आलेलं, आणि मागं कुणीतरी नाव राखून बसलेलं. मला नावं दिसत नव्हती तेच बरं झालं. मी ती यादी थेट बोटवाल्यांना आणि औषधकेंद्राला पाठवली, आणि मग आन्सेल्मोंना जाऊन सांगितलं.

त्यांनी माझं गेटचं कार्ड काढून घेतलं. पण यादी मागं घेतली नाही. मी दारात असताना त्यांनी फोन उचलला आणि कुणाला तरी जादा डिझेल मागू लागले.

बोट निघाली असेल. आईला पाणी पाजत राहा, जमेल तेवढं. तिला सांग, माझं नाव आहे तिथंच आहे, कुणी काढणार नाही. मूठ सोड म्हणावं.

जुसि


कुइआराना तळं,
६ नोव्हेंबर

जुसि,

आई आहे. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला तुझ्यात जीव राहील.

बोट नाल्याच्या तोंडापर्यंत आली. पुढं पाणी नव्हतं, तर नर्स पेटी डोक्यावर घेऊन चिखलातून चालत आली. वल्देमीर पुढं वाट दाखवत होता. आई तेव्हा कुणाला ओळखत नव्हती. माझ्या आईच्या नावानं मला हाका मारत होती. नर्सनं सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि घरातली तिरकी भिंत धरून शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, मासे शिजवलेस का? मी म्हटलं, मासे कुठले? तर म्हणाली, मग वास कसला येतोय, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तेव्हा मी ओळखलं की आता ती जगणार. उजव्या डोळ्यानं दिसत नाही, नर्स म्हणाली ते परत येणार नाही. डाव्यानं दिसतं. तेवढ्यानं ती माझ्या चुका काढू शकते.

जुसि, बोट बेन्विंदामावशीसाठीही आली होती. तिचं घरही यादीत होतं, गोळ्यांच्या पुडीवर तिचं नाव लिहिलेलं होतं. नर्सनं हाका मारल्या. मी म्हटलं, झोपली असेल, कानानं कमी आहे, आणि मीच चढून गेले. ती नाल्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेली होती. सकाळीच कधीतरी गेली असावी, हात अजून मऊ होते. आदल्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं होतं, की बोट येणार म्हणतात तर केस विंचरून ठेवते. विंचरलेले होते.

गड्यांनी तिला होडीत घातलं आणि होडी चिखलावरून ओढत पलीकडच्या उंच जमिनीवर नेली. आई उठून बसली आणि दारातून, डाव्या डोळ्यानं, शेवटपर्यंत बघत होती. रडली नाही. मला म्हणाली, जुसिलेनला लिही, जिल्दासिओला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये.

तर तू जा. आणि माझं एक ऐक. तू स्वतःला जे लावून घेतलंयस ना, मी गेले म्हणून घर गळलं, ते त्या पोराच्या गळ्यात घालू नकोस. माणसं जातातच. इथं पोट भरत नाही म्हणून जातात, त्यात पाप कसलं? चुकली ती तुझी ओळ. तसं त्याला स्वच्छ सांग. तो तुला मारायला उठला तरी सांग.

पण अंगठ्याचं सांगू नकोस. मी तिला एक वाट दाखवली होती आणि तिनं ती त्याच्यापायी घेतली नाही, हे त्याला कळलं तर तो जगेल कसा? मला आणि तुला ठाऊक आहे तेवढं पुरे.

तुझी,
एदना


मनाउस,
१६ नोव्हेंबर

एदना,

रविवारी बाजारात गेले. जिल्दासिओ नेहमीच्या जागी तळलेला मासा खात होता. मला बघून म्हणाला, काय, आज परत आईचं काहीतरी घेऊन आलीस वाटतं. मी त्याला पुरतं जेवू दिलं. तिनं तेवढंच विचारलं होतं ना दर वेळी, जेवतो का म्हणून.

मग धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. आधी ती गेल्याचं, मग माझ्या ओळीचं. तो नदीकडे बघत ऐकत होता. मी म्हटलं, तू इथं आलास म्हणून नाही, मी चुकीचं लिहिलं म्हणून. हे त्याला दोनदा सांगितलं. तो उठला, चार पायऱ्या खाली गेला. मला वाटलं आता परत येऊन मारेल, आणि मारलं असतं तर मी हललेही नसते. तो परत आला आणि शेजारी बसला.

म्हणाला, 'म्हणजे कार्डावर माझं नाव होतं अजून?'

मी म्हटलं, होतं.

'वल्देमीर काढायला सांगतो दर वर्षी. मला माहीत आहे, तो सगळ्यांनाच सांगतो.'

मी म्हटलं, सांगायचा. तिनं काढू दिलं नाही.

'मी जाताना तिला वाटेल ते बोललो होतो, जुसिलेन. म्हटलं होतं, मी तुझा कुणी नाही. मला वाटलं, तिनं पहिल्याच वर्षी खोडलं असेल.' आणि एदना, त्यानं तोंड झाकून घेतलं. तो रडत होता, पण मध्येच हात काढला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, लहानपणी तळ्यात मोठा मासा लागला की असायचं तसं. म्हणत होता, काढलं नाही ना तिनं, नाहीच काढलं. माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, नक्की ना?

मी म्हटलं, नक्की. शेवटपर्यंत नाही काढलं.

त्यापुढचं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. तुझा शब्द पाळला असं म्हणू नकोस, मला धीरच झाला नाही.

पाणी चढलं की आम्ही दोघं पहिल्या जहाजानं येतो. मला आता कुणाची रजा मागायची नाही. आईला सांग, माझा झुला झटकून ठेव.

एक काम कर. वल्देमीर बेन्विंदामावशीचं नाव काढायला येईल, तेव्हा जिल्दासिओचं मात्र राहू दे म्हणावं. त्यानं तेवढंच मागितलंय. मग त्या कार्डावर एकच नाव उरेल, आणि त्याच्यापुढं 'बाहेर'. माझी दुरुस्त केलेली ओळ ते घर यादीतून काढून टाकील. मी ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. ती आता बरोबर आहे.

तुझी,
जुसि